नुसतं नाव

वाशीच्या त्या परमिट रूमला दोन वाटा आहेत. रस्त्याकडच्या काचेच्या दारातून आत गेलं की खालचा हॉल लागतो. तिथे मार्केटचे व्यापारी, टेम्पोवाले, मॅच बघायला आलेले कॉलनीतले लोक. मागच्या गल्लीने गेलं तर रिकाम्या बाटल्यांचे क्रेट रचलेले दिसतात आणि त्यांच्या शेजारून एक अरुंद जिना वर जातो. महिन्यातला एक शनिवार वरचा मजला आमचा. पाटी नाही, झेंडा नाही. ज्याला ठाऊक आहे तो क्रेटपाशी वळतो.

मी ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलने येतो. ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे अशी स्टेशनं मागे पडत जातात आणि आठवडाभर आखडून धरलेले खांदे आपोआप खाली येतात. २०१६ पासून हे चाललंय, मधली करोनाची वर्षं सोडली तर. मुंबईत किंवा आसपास रोज उघडणारा, बोर्ड लावलेला गे बार मी कधी पाहिला नाही. कुठल्या तरी बारचा एक मजला, कुठली तरी एक रात्र, एवढीच आपली जागा असते. ती किती महत्त्वाची असते हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं, याचं वाईट वाटतं.

पहिल्यांदा जिना चढून गेलो तेव्हा कॅप्टनने कोपऱ्यातल्या टेबलाकडे हात केला. तिथे बसलेल्या माणसाने विचारलं, "नाव काय?" मी विमा कंपनीत काम करतो; पूर्ण नाव सांगायची सवय. "सुधीर" म्हणून पुढे जाणार एवढ्यात त्याने पंजा वर केला.

"बास. पुढचं नको."

तो विलासदादा.

त्या "पुढचं नको"चा अर्थ मला तेव्हा एकच लागला, आणि तो खोटा नव्हता. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी आपल्याला ३७७ कलमातून, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कायद्यातून, मोकळं केलं होतं आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निकाल फिरवला होता. इंग्रजांनी १८६० च्या दंडविधानात घातलेलं कलम पुन्हा मानेवर बसलं होतं. अशा वेळी आडनाव म्हणजे घराचा पत्ताच. आडनाव आणि गाव कळलं की भाऊ सापडतो, ऑफिस सापडतं, आणि पैसे उकळणाऱ्याला तेवढं पुरतं. म्हणून त्या खोलीत कुणी विचारत नसे, कुणी सांगत नसे.

पण चार-सहा महिने जात राहिलो आणि त्या न विचारण्यातून आणखी काही झालंय असं दिसायला लागलं.

बाहेर आपण कशी ओळख करून घेतो ते आठवा. "जाधव? कुठले जाधव?" "साताऱ्याकडचे." "साताऱ्यात कुठे?" मग तालुका, मग गाव, मग गावात घर कुठे. हा शेवटचा प्रश्न का विचारला ते विचारणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि उत्तर देणाऱ्यालाही. त्यानंतर कपात चहा येतो की स्टीलच्या पेल्यात, हे ठरलेलं असतं. माझं आडनाव असं आहे की ठाण्याच्या नौपाड्यात त्याच्यापुढे प्रश्नच येत नाही. घरमालक, बँकेतले साहेब, हॉलचा मॅनेजर, सगळे ऐकल्याबरोबर मोकळे होतात. हे आपल्याला मिळतं आणि दुसऱ्याला मिळत नाही, हे मला कुणी पुस्तकातून शिकवलं असतं तर मी मान हलवली असती आणि विसरलो असतो. त्या खोलीत ते मला मिळालं नाही, तेव्हा कळलं. तिथे मी नुसता सुधीर होतो आणि शेंगदाण्याची बशी माझ्यापुढे आली ती मी शेजारी बसलो होतो म्हणून.

कोपऱ्यातल्या त्या टेबलावर कोण कोण बसतं ते सांगतो, कारण अशी पंगत मला दुसरीकडे कुठेच दिसलेली नाही.

विलासदादा माथाडी. मसजिद बंदरचा घाऊक बाजार वाशीला हलला तेव्हा त्याच्याबरोबर इकडे आलेला. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन घेऊन त्याच्या मानेच्या मागे कातडीची जाड घडी झालीय. तळव्यांवर घट्टे असे की ग्लास धरला तरी बोटं पूर्ण मिटत नाहीत. आताशा तो लिंबू सोडाच पितो. त्याचं कारण पुढे येईल. २०२३ मध्ये समलिंगी विवाहाचा खटला चालू होता तेव्हा या याचिका म्हणजे शहरी अभिजनांचं मत आहे, असं केंद्र सरकारने न्यायालयात म्हटलं. ऋषीने मोबाईलवर ती बातमी वाचून दाखवली. "अभिजन म्हंजे?" दादाने विचारलं. "म्हणजे बड्या घरचे, शिकलेले, इंग्रजी बोलणारे," ऋषी म्हणाला. दादाने काही न बोलता दोन्ही तळवे टेबलावर उताणे ठेवले. आम्ही सगळे त्या तळव्यांकडे बघत राहिलो. त्या वर्षी १७ ऑक्टोबरला निकाल लागला आणि लग्नाचा हक्क मिळाला नाही. पण सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी आपल्या निकालपत्रात लिहिलं, की अशी माणसं फक्त शहरातल्या इंग्रजी बोलणाऱ्या नोकरदारांत नसतात, गावात शेतावर राबणाऱ्या बाईतही असतात. ऋषीने तेही वाचलं. दादा म्हणाला, "आन मार्केटात."

बाळा इथलाच, खाडीकाठच्या गावातला आगरी. बापाची जमीन नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोच्या संपादनात गेली, बदल्यात साडेबारा टक्के जमीन परत द्यायच्या योजनेत जे मिळालं त्यावर इमारत उभी राहिली. गळ्यात सोन्याची चेन, खाली त्याची स्कॉर्पिओ. कुणाला शेवटची गाडी चुकेल अशी धास्ती लागली की म्हणतो, "बस ना रं, मना काय घाई नाय, सोरतो तुला." त्याचं लग्न झालंय, दोन मुलं आहेत. कुणी त्याला त्याबद्दल बोल लावत नाही. त्या टेबलावरच्या निम्म्या माणसांचं तेच आहे.

ऋषी ऐरोलीच्या आयटी कंपनीत आहे, राहायला कळव्याला. पहिल्यांदा आला तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि कॅप्टनने त्याला बिअरशिवाय काही दिलं नाही. महाराष्ट्रात व्हिस्की-रम प्यायला पंचवीस पूर्ण लागतात. या ऋषीकडे बघताना मला आपल्या भाषेची एक गोष्ट पहिल्यांदा खऱ्या अर्थाने दिसली. इंग्रजीत माणूस पूर्ण लपू शकतो. मराठीत "मी आलो" म्हटलं की एक आणि "मी आले" म्हटलं की दुसरं. मधे उभं राहायला जागा नाही. ऋषी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर आला की म्हणतो, "दमले गं बाई मी." साऱ्या खोलीत ते कुणाला खटकत नाही. रात्री साडेदहाच्या सुमाराला त्याचा फोन वाजतो. तो एक बोट वर करतो. वेटर गाण्याचा आवाज कमी करतो, शेजारची टेबलं बोलायची थांबतात, कुणी हसत असेल तर हसू गिळतो. चाळीसएक माणसं एका आईसाठी गप्प बसतात. "हो आई, निघालोच. जेवलो. हो, ऑफिसातच." फोन ठेवला की खोली पुन्हा वाजायला लागते आणि ऋषी म्हणतो, "निघते मी आता." एका मिनिटाच्या आत क्रियापदाचं रूप दोनदा बदलतं. मी ते शंभरदा ऐकलं असेल. दर वेळी घशाशी काहीतरी येतं.

आणखी आहेत. निवृत्त शाळामास्तर, ज्यांना सगळे "सर" म्हणतात. केटरिंगवाला एक मुलगा, ज्याच्या बोटांना कायम आलं-लसणाचा वास. उत्तर प्रदेशातून आलेला एक रिक्षावाला, मराठी शिकला तो याच टेबलावर, त्यामुळे त्याच्या बोलण्यात बाळाची आगरी आणि दादाची घाटावरची अशी सरमिसळ झालीय.

हे सगळं खरं आहे, आणि तेवढंच खरं हेही, की त्या खोलीची दारं सगळ्यांसाठी नव्हती. बायका तिथे जवळजवळ येतच नाहीत. रात्री अकराला वाशीच्या मागच्या गल्लीतून एकटी बाई कशी जाणार? बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका एकमेकींच्या घरी जमतात, हे मी त्यांच्यापैकी एकीकडून ऐकलंय. त्यांच्या पंगतीबद्दल मी बोलू नये. तृतीयपंथीयांबद्दल मात्र मला बोललंच पाहिजे. सुरुवातीच्या वर्षांत शनिवारचा निरोप यायचा त्यात शेवटी ओळ असे: साडी नको, मेकअप नको, पोलिसांचा त्रास होतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांची ओळख मान्य केली होती. आमच्या जिन्याने केली नव्हती. एका रात्री तुर्भ्याहून गौरी नावाची एक जण आली. हिरवी साडी, हातात पर्स, वेणीत अबोली. क्रेटपाशीच तिला थांबवलं. मी खिडकीतून बघत होतो. तिने वर पाहिलं, पदर सारखा केला आणि गेली. मी उठलो नाही. खाली जाऊन "येऊ द्या हिला" म्हणायला पंधरा पायऱ्या होत्या. पुढे तो नियम गेला, आता गौरी येते, भिंतीला पाठ लावून बसते आणि बाळाशी मासळीच्या भावावरून भांडते. पण त्या पंधरा पायऱ्या मी उतरलो नाही हे माझ्यापाशी राहिलंय.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ३७७ मधून आपल्याला सोडवलं. त्यांतल्या न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी लिहिलं, की या समाजाची आणि त्यांच्या कुटुंबीयांची इतिहासाने माफी मागायला हवी. "कुटुंबीयांची" हा शब्द सरांनी दोनदा वाचायला लावला. त्यानंतर तरुण मुलं यायला लागली ती पूर्ण नाव सांगणारी. इन्स्टाग्रामवर फोटो, खाली नाव, आडनाव, सगळं. मला त्यांचा अभिमान वाटला आणि अजून वाटतो. पण हळूहळू माझ्या कानावर जुनाच प्रश्न यायला लागला. बिअरचा ग्लास हातात घेऊन एक मुलगा दुसऱ्याला विचारत होता, "पाटील म्हणजे कुठले?" मला २०१५ मधली एक जाहिरात आठवली. मुंबईच्या एका इंग्रजी दैनिकात एका आईने आपल्या मुलासाठी वर हवा अशी जाहिरात दिली होती. किती जणांच्या डोळ्यांत पाणी आलं ती वाचून, माझ्याही. तिच्यात शेवटी होतं, की जातीचं बंधन नाही, पण आपल्या जातीतला असल्यास प्राधान्य. मी त्या माउलीला दोष देत नाही. कुठलीही आई हेच लिहिते. पण तेव्हापासून माझ्या मनात बसलं होतं, की आडनाव नसलेली आमची ती खोली हीच खरी मोठी गोष्ट आहे आणि ती जपली पाहिजे. तसं मी बोलूनही दाखवायचो. विलासदादा ऐकून घ्यायचा.

३७७ च्या निकालाला वर्ष होऊन गेलं होतं. नोव्हेंबरचा शनिवार. दादा उठला, जिन्याकडे गेला आणि बराच वेळ परत आला नाही. बाळा बघायला गेला तर तिसऱ्या पायरीवर बसलेला, हात छातीवर, सदरा घामाने भिजून अंगाला चिकटलेला. स्कॉर्पिओत घालून जवळच्या हॉस्पिटलात नेलं. बाळा, ऋषी आणि मी.

त्याला आत घेतलं आणि काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "पेशंटचं पूर्ण नाव?"

"विलास."

"पूर्ण."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तीन वर्षं. त्याला काकडीवर मीठ लागत नाही हे ठाऊक होतं, जोंधळ्याच्या भाकरीची आठवण काढतो हे ठाऊक होतं, गोणी उचलताना कुठला गुडघा दुखतो तेही. वर येताना तो पाकीट आणि ओळखपत्र खोलीवर ठेवूनच यायचा. फोन बोटाने उघडणारा, आणि बोट आत होतं.

"सांगा लवकर, मागे लाईन आहे," काउंटरवरचा म्हणाला.

मी "विलास" म्हणालो आणि त्याच्यापुढे माझं आडनाव लावलं.

"तुम्ही कोण?"

"भाऊ." हा नात्याचा रकाना मी अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांचे फॉर्म तपासताना वाचत आलोय. पॉलिसीत नॉमिनी म्हणून मित्राचं नाव घालता येतं, पण आई-वडील, नवरा-बायको, मुलं यांना २०१५ च्या दुरुस्तीने जो हक्क दिला तो मित्राला नाही. पैसे त्याच्या हातात पडले तरी वारस मागू शकतात. मित्र या शब्दाला कागदावर किती वजन आहे ते मला पाठ होतं. म्हणून भाऊ.

त्या मुलाने टाईप करता करता मान वर केली. "बसा ना सर तुम्ही. डॉक्टर बघतायत, काळजी करू नका." आवाज बदलला होता. माझ्या चष्म्यामुळे असेल, इस्त्रीच्या शर्टामुळे असेल. मी ते नाव ऐकल्यावर बदलणारे आवाज आयुष्यभर ऐकलेत. ऋषीनेही ऐकला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि खाली बघितलं.

पहाटे साडेपाचला दादाचा फोन वाजला. पडद्यावर "घर" असं आलं. तिघांच्या मधे बाकावर तो फोन थरथरत होता आणि कुणाचा हात पुढे होत नव्हता. शेवटी बाळाने उचलला. "वयनी, मी बाळा, मार्केटातला दोस्त. घाबरू नका, जरा पोरांना घेऊन या."

एक स्टेंट पडला. दुपारी वहिनी आणि मुलगा एसटीने येऊन पोचले. पलंगाच्या पायाशी नावाचं कार्ड अडकवलेलं असतं ते वहिनींनी वाचलं, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, पुन्हा कार्ड वाचलं आणि नर्सला विचारलं, "ताई, ही कॉट दुसऱ्या कुणाची हाय का?" घाईत चूक झाली, असं मी म्हणालो. त्यांनी मला हात जोडले.

तिसऱ्या दिवशी दादाला बोलता यायला लागलं. वहिनी खाली चहाला गेल्या होत्या.

"सुधीर, माझ्या नावापुढं तुझं आडनाव लावलंस."

"दादा, दुसरं काही सुचलं नाही त्या वेळी."

तो छताकडे बघत होता. "विलास मार्केटवाला लिवायचं. विलास माथाडी लिवायचं." थोडं थांबून, दम घेऊन म्हणाला, "माझं आडनाव काय वंगाळ न्हवतं."

मला उत्तर देता आलं नाही. त्या खोलीत आडनाव बाहेर ठेवताना मी जे ठेवत होतो ते परत जाताना जसंच्या तसं उचलून घेत होतो, आणि बाहेर त्याने माझी कामं होत होती. दादा काय ठेवत होता, हे मी तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. "पुढचं नको" हे त्याचे शब्द होते आणि मी त्यांच्यावर माझं एक सुंदर घर बांधून मोकळा झालो होतो. ते शब्द त्याने कुठे, कितव्या वर्षी, कुणाच्या दारात शिकले असतील?

बिलाचे पैसे माथाडी मंडळाकडून परत मिळायचे होते आणि कागदावरचं नाव जुळेना. असले घोळ कसे सोडवतात ते माझ्या धंद्यातलं. महिन्याने आम्ही दोघं ठाण्याला कोर्ट नाक्यावर गेलो. निळ्या ताडपत्रीखाली टाईप करणारा बसला होता. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करायचं होतं, की या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे.

"दोन्ही नावं तुमचीच?" त्याने विचारलं.

"येक माझं," दादा म्हणाला, आणि माझ्याकडे अंगठा केला, "येक ह्याचं."

त्याने मान वर केली नाही. "बोला, पूर्ण नाव."

दादाने सांगितलं. स्वतःचं, वडिलांचं, आणि आडनाव. मी ते पहिल्यांदा ऐकत होतो. टाईप करणाऱ्याची बोटं थांबली आणि त्याने सवयीने विचारलं, "कुठले तुम्ही?"

दादाने तालुका सांगितला. गाव सांगितलं. मग तो जरा पुढे वाकला आणि गावात घर कुठे आहे तेही, न विचारता, सावकाश सांगितलं. सांगून त्याच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

"हं," टाईप करणारा म्हणाला, आणि बोटं पुन्हा चालायला लागली. कागद बाहेर आला. "सही करा इथे."

दादाने माझ्याकडून पेन घेतलं. बोटं मिटत नव्हती म्हणून ते मुठीत धरलं आणि तीन शब्दांची सही केली. एकेक अक्षर पूर्ण काढत, मागे माणसं खोळंबली होती तरी.